बॅटरी जपून

सोमवार, ३ मार्च
महिनाअखेरीस दादा, म्हणजे माझे थोरले भाऊ, मुलाकडे परदेशी कायमचे राहायला जाणार. १६ तारखेच्या रविवारी आम्ही चारही भावंडं माझ्याकडे जमणार. चौघांचा एकत्र फोटो एकही नाही. दर वेळी एकजण फोटो काढत असतो. या वेळी कॅमेरा स्टँडवर, टायमर लावून. वहिनींनी फोनवर सुचवलं, एवढा खटाटोप कशाला, माझ्या मोबाइलवर काढू. म्हटलं, वहिनी, मोबाइलवर भाजी मागवतात.
कॅमेरा काढला. बॅटरी उतरलेली. रात्री चार्जिंगला लावली. विषय संपला.

मंगळवार, ४ मार्च
बॅटरी तशीच. बॅटरीची टोकं आणि चार्जरच्या पट्ट्या खोडरबराने खसाखसा घासल्या. बी.एस्सी.ला मला फिजिक्स होतं, हे या घरात कुणी लक्षात ठेवत नाही.

गुरुवार, ६ मार्च
अजून तशीच. हे म्हणाले, रात्री घरभर फिरून तू सगळी बटणं बंद करतेस, त्यात चार्जरचंही करतेस. मी सांगितलं, एका कॅमेऱ्यासाठी घराची शिस्त मोडणार नाही. ह्यांनी पेपर तोंडासमोर धरला. पेपर हलत होता.

शनिवार, ८ मार्च
दिवसा चार्जिंग करण्याची कल्पना मला सुचली. हिरवा दिवा लागेपर्यंत समोर बसून राहिले. फत्ते.
दुपारी आठवलं: बॅटरी एकदा पूर्ण रिकामी करून मग भरावी, नाहीतर तिला अर्धवट भरण्याची खोड लागते. रिकामी करायला फ्लॅश मारत बसले. छत, पंखा, हे. ह्यांनी गॉगल लावला. धाकट्या बहिणीचा फोन आला. म्हणाली, ताई, हल्लीच्या बॅटऱ्यांना असलं काही लागत नाही. तिचा विषय इतिहास होता.

मंगळवार, ११ मार्च
रिकामी झाली ती झालीच. भरण्याआधी पट्ट्या पुन्हा खोडरबराने घासल्या, तर आता चार्जरचा दिवासुद्धा लागत नाही. बॅटरी फ्रीजमध्ये ठेवली. थंडाव्याने तरतरी येते. ह्यांनी विचारलं, ताप किती आहे तिला. मी फ्रीजचं दार लावलं.

गुरुवार, १३ मार्च
दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदाराने चार्जरमध्ये जोरात फुंकर मारली, स्वतःच्याच डोळ्यात कचरा उडवून घेतला आणि म्हणाला, काकू, आत खोडरबराचा भुगा आहे. हल्ली खोडरबरंसुद्धा धड मिळत नाहीत.

शनिवार, १५ मार्च
बॅटरी पूर्ण भरली. आता चूक नाही. ऐन क्षणापर्यंत कॅमेरा सुरूच करायचा नाही. बॅटरी काढून पाकिटात, पाकीट कपाटात, कपाटाला कुलूप.

रविवार, १६ मार्च, सकाळ
दारात टोपली ठेवली आहे. येणाऱ्याने मोबाइल त्यात टाकायचा. मधला भाऊ म्हणाला, ताई, चपलाही त्यातच का. वहिनींना दादांच्या औषधाच्या गजरासाठी सवलत दिली. नियम माणसांसाठी असतात.

रविवार, संध्याकाळ
जेवताना दादांनी आमच्या जुन्या हेडमास्तरांची नक्कल केली. धाकटीला ठसका लागला. मधला म्हणाला, ताई, हा फोटो घे. म्हटलं, तोंडात घास असताना फोटो काढत नाहीत. चहाच्या वेळी दादा गायला लागले. उजेड बरा नव्हता. शेवटी तिघांना सोफ्यावर ओळीने बसवलं, माझी जागा राखून ठेवली, हलू नका म्हणून बजावलं आणि बॅटरी आणायला गेले. कुलूप उघडेना. किल्ली कोठीच्या कपाटाची निघाली. योग्य किल्ली मिळेपर्यंत खाली टॅक्सी हॉर्न देत होती. दादा माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणाले, असू दे गं, तुझ्यासारखं ओळीत आम्हाला कुणी बसवलं नाही आजवर.
टॅक्सी वळेपर्यंत खिडकीत उभी होते. कॅमेरा हातात होता. बॅटरी दुसऱ्या हातात.

सोमवार, १७ मार्च
वहिनींनी फोटो पाठवला आहे. सोफ्यावर दादा, मधला आणि धाकटी एकमेकांवर रेलून हसताहेत. मागे उघड्या दारातून मी दिसते. पाठमोरी, कपाटाशी झटापट करताना. चौघं एकत्र आहोत. उजेडही चांगला आहे.
वहिनींना फोन करून सांगितलं, मोठी प्रिंट काढा, दोन. एक दादांच्या बॅगेत घाला. त्या म्हणाल्या, नशीब बघा, तेव्हा मोबाइलमध्ये जेमतेम चार टक्के बॅटरी होती.
माझी अजून पूर्ण भरलेली आहे.