पाचव्या गच्चीवरची केळी

३ डिसेंबर, बुधवार

निवड झाली! वटवाघळांच्या परिषदेत विद्यार्थ्यांच्या अंतिम फेरीत आम्ही सहाजण. प्रत्येकाला बारा मिनिटं. पहिल्या नंबराला ऑस्ट्रेलियातल्या लॅबमध्ये सहा महिने. माझ्या बंगाली गाइड सान्याल मॅडम फोनवर म्हणाल्या, "मोधुबोंती, तुझ्या ग्राफला तोड नाही." मी मधुवंती. सहा वर्षांत दुरुस्त करायचं सोडून दिलंय.

आईला सांगितलं. "वटवाघळांवर भाषण केलं तर बक्षीस देतात?" देतात. "मग मी येणार ऐकायला."

५ डिसेंबर

बागबाजारात पाच गच्च्या, पाच कॅमेरे. पाचवी गच्ची आमचीच. वटवाघूळ समोर आलं की कॅमेरा आवाजासकट दहा सेकंदांची क्लिप घेतो, प्रोग्राम ती मोजतो. क्लिपा मी बघत नाही. चार हजार आहेत, मला एकच जन्म आहे. सप्टेंबरच्या अंधाऱ्या पंधरवड्यात आकडा तिप्पट! म्हणजे चांदण्यात वटवाघळं बाहेर पडायला बिचकतात. घुबडांच्या नजरेस पडू म्हणून. कसला देखणा निष्कर्ष.

७ डिसेंबर

निष्कर्ष गेला.

आईसमोर तालीम करत होते. ग्राफ आला तशी म्हणाली, "हा उंचवटा म्हणजे पितृपक्ष गं." मग मेथी निवडता निवडता, अगदी सहज — "पंधरा दिवस बाबांसाठी रोज घास ठेवत होते टाकीवर. दोन मर्तमान केळी. कावळा काही शिवेना. मग पान उचललंच नाही. सकाळी बघते तर सगळं साफ! पोचलं हो त्यांना."

टाकीवर. कॅमेऱ्याच्या नाकासमोर. पंधरा दिवस.

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. मर्तमान केळी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. खायचे आणि साल उभे असतील तिथेच ठेवायचे. खिडकीत, फ्रिजवर, एकदा माझ्या पीएच.डी.च्या अर्जावर. आई रोज भांडायची. मला बाबांची आठवण त्या सालीवरूनच जास्त येते.

मी "बरं झालं" म्हणाले आणि बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

८ डिसेंबर

पाचवी गच्ची वगळून पुन्हा गणित केलं. उरलेल्या चारांवर चांदणं काय नि अंधार काय, सारखंच. माझं ऑस्ट्रेलिया केळ्यांवर उभं होतं.

९ डिसेंबर

मॅडमना खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "कॉला?" हो मॅडम, कॉला. केळी.

"आकडा गाळायचा तर का गाळला तेही स्टेजवर सांगायचं," म्हणाल्या. "नाहीतर नाव मागे घे."

सांगितलं तर पहिल्या रांगेत बसलेल्या आईला शंभर माणसांसमोर कळणार की बाबांचा घास वटवाघळांनी खाल्ला. नाही सांगितलं तर मी खोटारडी. आधी घरी सांगावं तर तोंड उघडत नाही. तिला म्हटलं, येऊ नकोस, कंटाळशील. म्हणाली, "साडी इस्त्री करून आली."

१० डिसेंबर

सांगायला गेले. ती बाबांच्या फोटोची काच पुसत होती. परत आले.

१२ डिसेंबर

सांगितलं. इंग्रजीत, सातव्या मिनिटाला. पाचव्या गच्चीवर घरातल्या एका व्यक्तीने — आई म्हणायला जीभच वळेना — दिवंगत वडिलांसाठी केळी ठेवली होती. ती वटवाघळांनी खाल्ली. सबब तो आकडा बाद. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. आईला इंग्रजी उत्तम येतं. बत्तीस वर्षं शाळेत तेच शिकवलंय! तिने पदर नीट केला आणि समोर बघत राहिली. उरलेली पाच मिनिटं मी काय बोलले, देव जाणे.

पहिला नंबर पुण्याच्या विहंगचा. गुहेतली पिल्लं आईला आवाजावरून कशी ओळखतात. चांगलं बोलला मेला. मला प्रमाणपत्र आणि वटवाघळाचं चित्र असलेली कापडी पिशवी. सहाही जणांना मिळाली.

बसमध्ये आई खिडकीबाहेर बघत होती. श्यामबाजारला एवढंच बोलली, "उद्या केळी आणायचीत, आठवण कर." मला रडूच फुटलं. तिचं एवढंसं समाधान होतं, तेही मी काढून घेतलं.

१३ डिसेंबर

केळी आणली. आई नेहमीसारखीच. हे जास्त वाईट.

१४ डिसेंबर, रविवार

मॅडम म्हणतात, बाद केलेला आकडाही उघडून बघायचा असतो. पाचव्या गच्चीच्या क्लिपा आज पहिल्यांदा उघडल्या.

१६ सप्टेंबर, संध्याकाळी सहा दहा. टाकीपाशी आई, स्टुलावर. हातभर अंतरावर वटवाघूळ, केळ्यात तोंड घालून. साल खाली पडते.

आई त्याला म्हणते, "अहो, किती वेळा सांगितलं, साल इथे टाकू नका."