डोक्यावरची रेघ शेवटी यावी म्हणून

प्रति,
मा. तंत्र अधिकारी,
दृक्‌श्राव्य शाखा,
प्रौढ साक्षरता कार्यालय.

विषय : अक्षरे गिरवण्याच्या चित्रफितींसाठी, बंद झालेल्या प्लगइनच्या जागी योग्य सॉफ्टवेअर मिळणेबाबत.

संदर्भ : वर्गाच्या दारावर लावलेली आपली सूचना, "नवीन पुस्तकाप्रमाणे नव्या चित्रफिती दाखवण्यात येतील."

महोदय,

१. मी आपल्या संध्याकाळच्या वर्गाचा विद्यार्थी आहे. उभी हयात कापड रंगवण्याच्या कारखान्यात गेली आणि साठी उलटल्यावर आपल्याच वर्गात लिहायला शिकलो. कालपरवा हातात पेन्सिल धरलेल्या माणसाने कार्यालयाच्या कॉम्प्युटरबद्दल अर्ज करावा, हा लहान तोंडी मोठा घास आहे. लिहिताना मान खाली जाते. तरी लिहितो, कारण बाकीचे धजत नाहीत, आणि जिच्यासाठी लिहितो ती आता वर्गालाच येत नाही.

२. पूर्वी पडद्यावर अक्षर हाताने काढावे तसे उमटत असे. आधी वळण, मग काना, आणि शब्द पुरा झाला की सर्वांत शेवटी डोक्यावरची रेघ. आम्ही त्याच्या मागोमाग वहीत गिरवत असू. या फिती आपल्या शाखेचे चित्रकार बनवतात. वर्गात आम्ही त्यांना पडदेवाले सर म्हणतो. पुस्तक बदलले म्हणून त्यांना सगळ्या फिती नव्याने करणे भाग पडले, आणि तेव्हाच कळले की अक्षर उमटवणारे प्लगइन बनवणाऱ्या कंपनीने बंद केले आहे. मला अर्थबोध होईना, तेव्हा सर म्हणाले, "काका, शिलाई मशीन जागेवर आहे, पण काजं करायचा तुकडा बाजारातून गेला, असं समजा." सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती जुना तुकडा धरत नाही आणि जुनी आवृत्ती कार्यालयाच्या नव्या कॉम्प्युटरवर चालत नाही. यात कुणाचा दोष आहे असे माझे म्हणणे नाही.

३. सरांनी आपल्या मंजूर यादीतले एकेक सॉफ्टवेअर लावून पाहिले. पहिल्यात अक्षरे वरून पडत आणि टप्पे खात. आमच्यातला हातगाडीवाला म्हणाला, आज अक्षरं पिऊन आलेली दिसतात. सगळा वर्ग हसला, सरही हसले, पण मग त्यांनी ते बंद केले आणि बराच वेळ आमच्याकडे पाठ करून वायरी नीट करत राहिले. दुसऱ्यात अक्षराच्या कडेने चकचकीत उजेड धावे. दिसायला छान, पण पेन्सिल कुठे टेकवावी ते समजेना. तिसरे सध्या चालू आहे. त्यात शब्द दुकानाचे शटर ओढावे तसा वरून खाली येतो. रेघ सर्वांत वर असते, म्हणून ती आधी येते आणि अक्षरे नंतर तिला लोंबकळतात. ही चूक सरांना पहिल्याच दिवशी दिसली होती, असे त्यांनी मला आता सांगितले. परंतु यादीत दुसरे काही उरले नव्हते आणि वर्ग थांबवता येत नव्हता.

४. माझी पत्नी नव्या पुस्तकाच्या वेळी वर्गात बसली. मला अक्षरे आली तेव्हापासून तिच्या मनात होते, पण मुलगा, सून काय म्हणतील म्हणून बोलत नव्हती. ती घरी आधी रेघ ओढून नाव लिहू लागली. मी म्हटले, रेघ शेवटी. त्यावर ती म्हणाली, पडद्यावर सरांनी दाखवलंय, तुम्ही कोण मोठे मास्तर लागून गेलात. मलाही वाटले, आपले शिक्षण जुने, आता पद्धत बदलली असेल. मी तिच्या पेन्सिलीला टोक करून दिले.

पुढे बँकेत दोघांच्या नावाचे खाते उघडायला गेलो. माझी सही झाली. तिने चौकटीत आधी रेघ ओढली, मग एकेक अक्षर खाली मांडले. रेघ आखूड झाली, पुढची अक्षरे उघडीच राहिली. तिने रेघ वाढवली, ती चौकटीबाहेर गेली. दुसरा कागद दिला, त्यावरही तेच. मागे रांग होती. खिडकीवरचा मुलगा भला होता. हळूच म्हणाला, "आजी, राहू द्या. अंगठा चालतो."

महोदय, त्या कागदावर वर माझी झोकदार सही आहे आणि खाली पत्नीचा अंगठा. त्या सहीची मला इतकी शरम वाटली की परत ती करू नये असे वाटले. वाटेत ती एकच वाक्य बोलली. "रेघ संपली आणि नाव उरलं." दुसऱ्या दिवसापासून तिने वर्ग सोडला. विचारले की गुडघा दुखतो म्हणते.

५. तरी विनंती अशी की, सरांना एक चौथे सॉफ्टवेअर सापडले आहे. त्यात प्रत्येक रेषेचा क्रम आपण स्वतः ठरवू शकतो. काम वेळखाऊ आहे, पण सर करायला तयार आहेत. ते आपल्या मंजूर यादीत नाही, एवढीच अडचण आहे. कृपया त्यास मंजुरी मिळावी.

६. मंजुरीस वेळ लागणार असेल, तर तोवर पडद्यावर खरा हात लिहिताना दाखवावा, असे सरांनी सुचवले आहे. सर स्वतः डावखुरे आहेत, त्यांच्या हाताखाली अक्षर झाकले जाते. वर्गात कुणी हात पुढे करेना, म्हणून वर्ग सुटल्यावर सरांना एकट्याला गाठून मी केला. माझ्या नखांच्या कडांतला निळा रंग घासूनही जात नाही. एवढ्या मोठ्या पडद्यावर तो हात दिसणार, या विचाराने मला रात्रभर संकोच वाटला. तरी रेघ शेवटीच ओढीन, एवढी खात्री देतो. तीच फीत सर मोबाइलवर पाठवतील, म्हणजे ती वर्गात न येणाऱ्यांनाही घरी पाहता येईल.

७. मी काय लिहितो आहे हे पत्नीने विचारले. सांगितल्यावर म्हणाली, "अहो, माझं नाव तेवढं घालू नका." म्हणून ते या अर्जात नाही. फितीत माझाही चेहरा किंवा नाव येऊ नये, ही विनंती. हात कुणाचा आहे ते वर्गाला सांगू नये. एकीला तो सांगावा लागणार नाही, आणि तिने ओळखला तर माझी काही हरकत नाही.

मोठ्या मनाने विचार व्हावा.

आपला नम्र,
(सही)
मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी, संध्याकाळचा वर्ग
दि. ९ जुलै

सोबत :
१) चौथ्या सॉफ्टवेअरची माहिती, पडदेवाल्या सरांच्या अक्षरात.
२) माझ्या हाताचा फोटो, नखे दिसतील असा.