नानांचा वाढता तडा

४ मार्च

चि. शिडीस,

अनेक आशीर्वाद.

ताजी बातमी अशी, की आपलं घर ठरल्या किमतीपेक्षा पाचव्या हिश्शानं स्वस्त झालं आहे. बँकेच्या व्हॅल्युअरनं सहीशिक्क्यानिशी तसं लिहून दिलंय, आणि घर घेणाऱ्या दातांच्या डॉक्टरांनी काल स्वतः येऊन त्याला दुजोरा दिला. चहा नको म्हणाले, तेव्हाच प्रकरण गंभीर आहे हे मी ओळखलं.

त्यांची चूक नाही. बँक कर्ज देते ते व्हॅल्युअर म्हणेल त्या किमतीवर. मधली तूट डॉक्टरांनी खिशातून भरायची, नाहीतर मी तेवढी किंमत सोडायची. त्यांचा खिसा दवाखान्याच्या नव्या खुर्चीत रिकामा झालाय. आणि मी किंमत सोडली, तर तुझ्या गल्लीतल्या त्या तळमजल्याच्या दोन खोल्या माझ्या हातून जातात. तिथला मालक महिनाअखेरपर्यंतच थांबणार आहे. इथला जिना मी आता बसून उतरते, एकेक पायरी घसरत, तू दोन वर्षांचा असताना उतरायचास तशी. तेव्हा तुझं कौतुक व्हायचं. माझं कोणी करत नाही.

आता कारण ऐक. अहवालात लिहिलंय, की दिवाणखान्याच्या भिंतीला जमिनीपासून सहा फुटांपर्यंत दुफाटी तडा आहे. तो वाढता असल्याचं मालकीणबाईंनी स्वतः सांगितलं. हात लावल्यास धोका. तड्यातून मुंग्यांची रांग. वाचून मी अर्धा तास घरभर तडा शोधत हिंडले. मग डोक्यात उजेड पडला, की तो नानांच्या तड्याबद्दल बोलतोय.

त्या माणसाला मी काय सांगायला हवं होतं, तूच सांग. की आमचे वडील नाटक कंपनीचे पडदे रंगवायचे, आणि इतर घरांत मुलांची उंची चौकटीवर रेघ मारून ठेवतात तशी आमची त्यांनी भिंतीवर तडा रंगवून ठेवली? डावा फाटा माझा, उजवा तुझा, दर वाढदिवसाला वर सरकवलेला? मला वाटलं, दिसतंयच की. त्यानं कौतुकानं विचारलं, जुना आहे का. मी म्हटलं, जुना म्हणजे काय, आमच्याबरोबर वाढला. तो हात लावायला गेला, तर मी म्हटलं, नको, पापुद्रे निघतात. तो असा मागे सरकला की माझ्या स्टुलावर आदळला.

डोळ्याला जप. थेंब वेळेवर घाल. लोभ आहेच; त्याची तरी किंमत कमी धरू नकोस.

तुझी,
ताई


८ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

डोळ्याचं ऑपरेशन होऊन दहा दिवस झाले. अजून महिनाभर प्रवास बंद, म्हणून पत्रानंच भांडतो. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि तू सगळ्याला हो म्हणतेस. पत्राला तरी विचार करून नाही म्हणशील.

चाळीस वर्षं तू रुग्णालयात सिस्टर होतीस. दुखतंय कुठे असं विचारल्यावर पेशंटनं बालपण सांगितलं तर तू काय करायचीस? मी जन्मभर वजनकाटे दुरुस्त केले. काटा कधी खोटं बोलत नाही. पारड्यात काय ठेवलं ते महत्त्वाचं. तू पारड्यात तडा ठेवलास, तोही वाढता, वर मुंग्या.

त्या मुंग्यांवरून आठवलं. नानांनी त्या रंगवल्या तेव्हा आई आठवडाभर फडकं मारत होती. आठव्या दिवशी तिनं जवळ चष्मा नेऊन पाहिलं आणि दोन दिवस नानांशी बोलली नाही.

उपाय सोपा आहे. पांढऱ्या रंगाचा एक डबा आण. एक तासाचं काम. तडा गेला की बँकेची हरकत गेली. नाना नाहीत, आई नाही, आपण दोघंही वाढायचे थांबलो. तड्याचं काम संपलं. मी तळमजल्याच्या मालकाला रोज सकाळी जाऊन नमस्कार करतो, म्हणजे त्याला दुसरं गिऱ्हाईक बघायची लाज वाटेल. कालपासून तो मागच्या दारानं बाहेर पडतो.

हिचा तुला नमस्कार. तुझ्या पलंगाला जागा पुरते का, ते ही दोनदा मोजून आली. कळावे, आणि लवकर कळवावे.

तुझा,
शिडी


१३ मार्च

चि. शिडीस,

अनेक आशीर्वाद.

बँकेत जाऊन आले. खिडकीतल्या साहेबांना मी सांगितलं, की तो तडा चित्र आहे. त्यांनी यादी वरपासून खालपर्यंत पाहिली आणि म्हणाले, चित्र असा रकाना नाही. तडा दुरुस्त केल्याची गवंड्याची पावती आणा, लगेच फेरमूल्यांकन लावतो. मी म्हटलं, नसलेला तडा दुरुस्त कसा करणार. ते म्हणाले, मग तर काम स्वस्तात होईल.

म्हणून गवंड्याला बोलावलं. आपल्या गच्चीचं काम केलं होतं तेच, आता कानात केस आलेत. त्यांनी भिंतीवर तळहात फिरवला, कान लावला, टकटक केलं. या भिंतीला काहीही झालेलं नाही म्हणाले. मी पावती मागितली. ते दुखावले. नसलेला तडा बुजवल्याची पावती फाडली, तर उद्या लोक म्हणतील, या माणसाच्या असलेल्या पावत्याही तशाच असतील. मग जाताना दाराशी थांबून हळूच म्हणाले, की पाहिजे तर आधी छिन्नीनं खरा तडा पाडून देतो, मग तो बुजवतो, मग पावती रीतसर होईल. खर्च दुप्पट. मी विचार करते म्हणाले. त्यांना बरं वाटावं म्हणून.

शेवटी व्हॅल्युअरलाच पत्र टाकलं, की बाबा रे, भिंग घेऊन परत ये. बघू.

डॉक्टर रविवारी त्यांच्या मुलीला घेऊन आले होते. पोरगी सात वर्षांची, समोरचे दोन दात पडलेले. दातांच्या डॉक्टरांची जाहिरात म्हणून काही बरी नाही. ती तड्याला पाठ लावून उभी राहिली आणि माझ्या फाट्याशी उंची जुळवून म्हणाली, की ती सातव्या वर्षीच्या माझ्यापेक्षा उंच आहे. खरं निघालं.

रंगाच्या डब्याबद्दल लिहिलंस ते वाचलं.

माया असू दे.

ताई


१८ मार्च

मा. महोदया,

स. न. वि. वि.

आपल्या विनंतीवरून निम्नस्वाक्षरीकाराने काल आपल्या घराची फेरपाहणी केली. निष्कर्ष पुढीलप्रमाणे.

दिवाणखान्यातील तड्याची खोली पट्टीने, टाचणीने व भिंगाने मोजली असता शून्य आढळली. मुंग्यांचे चाळीस मिनिटे निरीक्षण केले. एकही हलली नाही. सबब पहिल्या अहवालातील तडा व मुंग्या ही दोन्ही कारणे मागे घेतली आहेत. झाल्या तसदीबद्दल क्षमस्व. तेवीस वर्षांच्या नोकरीत निम्नस्वाक्षरीकार असा फसला नव्हता.

तथापि, एवढा अनुभव गाठीशी आल्यावर घरातील अन्य वस्तूंनाही हात लावून पाहणे कर्तव्य ठरले. त्यात जिन्याच्या वळणावरील खिडकी उघडली नाही. पडदा बाजूला केला असता खिडकी, तिची कडी, बाहेरील झाड व झाडावरील पक्षी, हे सर्व रंगवलेले असल्याचे निदर्शनास आले. पडदा मात्र खरा आहे. पहिल्या अहवालात ही खिडकी उजेड व हवा या सदरात धरली होती. ती वजा केल्याने जिना अंधारा व वापरास धोक्याचा ठरतो.

तडा वगळल्याने वाढलेली रक्कम आणि खिडकीमुळे घटलेली रक्कम तंतोतंत सारखी येते. मूल्यांकन कायम.

आपला विश्वासू,
बँकेचा अधिकृत मूल्यांकनकार

ता. क. पक्षी उत्तम आहे.


१९ मार्च

चि. शिडीस,

अनेक आशीर्वाद.

सोबत व्हॅल्युअरच्या पत्राची नक्कल. बसून वाच.

चूक सर्वस्वी माझी. बँकेच्या फॉर्मवर जिन्यात एक खिडकी असं मीच माझ्या हातानं लिहिलं होतं. खोटं म्हणून नाही रे. त्या खिडकीचे पडदे मी आईनंतर एकवीस वर्षं दर दोन महिन्यांनी धुते. उन्हाळ्यात दुपारी ओढून घेते, ऊन येतं म्हणून. तो माणूस कडी ओढत होता, तेव्हा मी खालून सांगितलं, की जरा घट्ट आहे, नानांच्या वेळेपासून. मग त्यानं कडीवर नख फिरवून पाहिलं.

पांढऱ्या रंगाचा डबा मी आणला होता. परवाच. तुला कळवलं नाही. भिंतीसमोर स्टूल ठेवून झाकणही उघडलं होतं. तुझ्या फाट्यापासून सुरुवात करावी म्हटलं, तर तो उंच, हात पोचेना. आणि माझ्यापासून करायला मन होईना. आता तडा पुसूनही उपयोग नाही, कारण बँकेला तड्याचं काही नाही. डबा तसाच आहे.

बारा दिवस उरलेत. मालकाला रोज नमस्कार करू नकोस, तो खोल्या दुसऱ्याला देऊन गाव सोडेल. आणि हे जुळलं नाही, तर मी आहे इथेच, जिना बसून उतरेन. तू मनाला लावून घेऊ नकोस.

तुझी,
ताई


२२ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

तू खिडकी विसरलीस यात नवल नाही. पावसात ती उघडी टाकली म्हणून मी एकदा नानांचा मार खाल्लाय. जिन्यात पाणी कुठून आलं ते आजतागायत कळलं नाही.

पण एक गोष्ट लक्षात घे. तड्याचं दुखणं असं होतं, की नसलेली गोष्ट दुरुस्त कशी करायची. खिडकीचं तसं नाही. नसलेली खिडकी बसवता येते. गवंड्याला बोलव, भिंत फोडून घे, खरी चौकट लाव. त्यांना खरं काम, खरी पावती; बँकेला खरी हवा. पक्ष्याचं वाईट वाटेल, पण पक्षी उडून गेला असं धर.

आता मनातलं लिहितो. तुझ्या तेरा तारखेच्या पत्रात डब्याबद्दल एकच ओळ होती, ती वाचून मी हिला म्हणालो, की ताईला यायचंच नाही, तडा पुढे करून बसलीय. ही म्हणाली, की भिंत पुसायला सांगणारा तू, आणि यायचं नाही म्हणे तिला. दिवसभर कोणी माझ्याशी बोललं नाही. आई आणि मुंग्यांसारखं झालं. म्हणून डब्याचं झाकण लाव. चुकलं माझं.

आणखी एक कबुली. पंधराव्या वाढदिवसाला मी बुटात जाड पुठ्ठा घातला होता. नानांनी पाहिलं होतं. काही न बोलता फाटा वर नेला, आणि पुढच्या वर्षी तेवढाच कमी वाढवला.

ये. तुझ्याशिवाय मला शिडी म्हणणारं इथे कोणी नाही; सगळे काका म्हणतात.

तुझा,
शिडी


२६ मार्च

चि. शिडीस,

अनेक आशीर्वाद.

मूल्यांकन ठरल्या किमतीला आलं. व्हॅल्युअरनं आज सकाळी कडी स्वतः तीनदा उघडून-लावून खात्री केली आणि तिथेच जिन्यात बसून सही केली. डॉक्टरांनी चहा घेतला. दोन कप.

झालं ते असं. गवंड्यानं पक्ष्याच्या खालून पहिला घाव घातला आणि ते थबकले. आत विटा वेगळ्या लागल्या. चार विटा काढल्या, तर मागे लाकडी चौकट. खरी. म्हणजे तिथे मुळात खिडकी होतीच; नानांनी ती बुजवून तिच्यावर खिडकी रंगवली होती. गवंडी डोक्याला हात लावून बसले. का बुजवली, हे उरलेल्या विटा काढल्यावर कळलं. समोर हातभर अंतरावर शेजाऱ्यांच्या संडासाची भिंत आणि तिच्यावर दोन जाड पाइप. आई रोज जिना चढता-उतरता नाक मुरडत असणार. नानांनी तिला झाड दिलं.

तर आता बँकेच्या लेखी आपल्या घराची किंमत त्या पाइपांमुळे वाढली आहे. हवा येते, वासासकट. अहवालात वासाला रकाना नाही. मी डॉक्टरांना सगळं दाखवलं, लपवून घर विकायचं नव्हतं. ते म्हणाले, त्यांच्या नाकाला दवाखान्याची सवय आहे. पडदा मात्र तसाच ठेवून जा म्हणाले.

तड्याचं विचारायला मला धीर होत नव्हता. घर त्यांचं, भिंत त्यांची. त्यांनीच विषय काढला. मुलीनं घरी सांगून टाकलंय, की तिसरा फाटा तिचा, नाहीतर ती येणार नाही. मी नानांचा बारीक ब्रश आणि करड्या रंगाची बाटली त्यांना दिली. बाटली जवळजवळ वाळलीय, पण रंग कोणता ते कळेल. तळातला रंग पातळ करून पहिलं बोटभर मीच रंगवून दिलं. रेघ थोडी वाकडी गेली, तड्याला ते शोभलं.

परवा खरेदीखत. पांढरा डबा गवंड्याला दिला, पावतीवरच्या रकमेपेक्षा ते वर काही घेत नव्हते म्हणून.

पलंगाच्या डोक्याकडची बाजू भिंतीशी लावू नका, मला उठताना कठडा धरायला जागा लागते. तुझ्या बायकोनं पलंगाची जागा दोनदा मोजली म्हणालास. तिला म्हणावं, मोजलंस ते बरं केलंस.

तुझी,
ताई


२८ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा सह्या झालेल्या असतील. तळमजल्याच्या मालकानं किल्ली आजच देऊन टाकली. माझे नमस्कार थांबावेत एवढीच त्याची अट होती.

खोल्या कोऱ्या आहेत. भिंती इतक्या गुळगुळीत की नजर घसरते. खिडक्या दोन, दोन्ही मी उघडून पाहिल्या. एकीतून समोरचा सायकलवाला दिसतो, दुसरीतून मी गच्चीवर कपडे वाळत घालताना दिसेन. ती बुजवावीशी वाटली तर सांग.

आतल्या खोलीची भिंत मी राखून ठेवली आहे. करडा रंग आणलाय. आधी बँकेचं आपल्याकडे काही काम उरलं नाही ना, तेवढं विचारून ये. मग मी ब्रश हातात घेईन. परवा हिनं मला चौकटीशी उभं करून मोजलं. मी दीड बोट कमी भरलो, बुटासकट. तुझंही तेच झालं असणार, जास्तच. तेव्हा या वेळी तडा वरून सुरू करून खाली आणायला लागेल.

शनिवारी सकाळी आठला टेम्पो तुझ्या दाराशी येईल. सामान पुढे, तू ड्रायव्हरशेजारी. दुपारपर्यंत पोचशील. मी पेन्सिल घेऊन दारात उभा असेन. चपला काढून ये.

तुझा,
शिडी