मोहाखालचा खराटा

साक्री, गुरुवार, २४ मार्च १९८८

आपल्या शब्दावर विश्वास ठेवणाऱ्यांना आता तोंड कसं दाखवायचं?

मोहाची फुलं वेचता यावीत म्हणून पाड्यावरचे लोक दरवर्षी झाडाखालचा पाला जाळतात. वणव्यांची पाहणी करत फिरताना मीच त्यांना म्हटलं, यंदा जाळू नका, झाडून काढा. त्यांनी ऐकलं. हिराअक्कांनी तर माझ्यासमोर खराटा बांधला. आणि सोमवारी आमच्याच वनखात्याच्या माणसांनी जाळरेषा पेटवली, तीही उशिरा, भर वाऱ्यात. वणवा अडावा म्हणून आधीच जाळून ठेवायची ती पट्टी. तिच्यातूनच आग डोंगरावर चढली. अक्कांचे मोहही गेले.

आज आगीच्या अहवालाबद्दल साहेब म्हणाले, "कारण लिहा, मोहवाले."

"पण साहेब, जाळरेषा..."

"ग्रॅज्युएट बाई, दरवर्षी आग तेच लावतात ना? मग यंदाचीही त्यांचीच."

तसं लिहिलं की मोह वेचायलाच बंदी. उन्हाळाभर खातील काय?

दुपारी अक्का बाजारात भेटल्या. "ताई, तू सांगं म्हनीसन आम्ही खराटा धरा. आते आग बी आमनीच का वं?" रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या हसल्या. तो खराटा डोळ्यांपुढून हलत नाही.

पाचोऱ्याला आबा सगळ्यांना सांगतात, पोरगी सरकारात लागली. हंगामी आहे, हे सांगत नाहीत. हंगामी माणसाला काढायला कारणही लागत नाही.

अहवालात 'जाळरेषा' असंच लिहिलं, खाली सही केली आणि कचेरी बंद व्हायच्या आत साहेबांच्या हातात देऊन आले.