दामूच्या मिशा

बुऱ्हाणपूर, शुक्रवार, रात्र

माझ्या कथेतला दामू आज दिवसभर डोक्यात. केळीवाला शेतकरी, बायको गेल्यावर लेकींसाठी स्वतः खापरावर मांडे करतो, एवढीच गोष्ट. मधल्या सुट्टीत शाळेतल्या हिंदीच्या सरांना वाचून दाखवली, तर म्हणाले, "मॅडम, ये तो औरत लग रहा है. थोडा मर्द बनाओ."

आणि मी बनवला. घरी येऊन दामूला झुपकेदार मिशा दिल्या, आवाज चढवला, तोंडी एक शिवीसुद्धा घातली. का ऐकलं मी त्यांचं? परत वाचलं तर नुसत्या मिशाच दिसायला लागल्या. दामू कुठे गेला कोण जाणे.

शेवटी स्वयंपाकघरात जाऊन सासूबाईंना वाचून दाखवलं. आज घरी मांडेच होते. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झेलत कोपरापर्यंत मोठा करायचा, आणि वर सारलेल्या बांगड्या सारख्या खाली घसरतात. एक मांडा त्या बांगड्यांमुळेच फाटला. मला वाटलं, दामूला हसतील. मिशांचं तर त्यांनी नावच काढलं नाही. म्हणाल्या, "त्याले सोपंच आहे. हातात बांगड्या नाहीत."

बांगड्यांचं मला सुचलंच नव्हतं. आधी मिशा खोडल्या. मग त्याचे मोकळे हात लिहिले, कोपरापर्यंत पिठाने माखलेले, आणि दामू परत आला. बरं वाटलं.

जेवताना सासूबाई मध्येच म्हणाल्या, "खरा असता तर आखाजीच्या सणाला मदतीला बोलावलं असतं त्याले."