ताईच्या आवाजाची चिप परत मिळणेबाबत

प्रति,
मा. सुरक्षा अधिकारी,
संगणक विभाग, लष्करी छावणी,
दक्षिण फाटक.

विषय : जप्त एकतीस नगांपैकी एक सुरक्षा-चिप परत मिळणेबाबत, ते नियमात बसत नसल्यास फाटकावर अर्धा तास टेबल मांडू देणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या पथकाची पावती, ‘लहान पट्ट्या, नग ३१, डबा १’. २) अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज.

महोदय,

१. अर्जदार छावणी रस्त्यावर एकोणीस वर्षे संगणक दुरुस्तीचे दुकान चालवतो. गेल्या वर्षी वर्तमानपत्रात आले की, यापुढे लष्कर सुरक्षा-चिप असलेलेच संगणक विकत घेणार. ही चिप म्हणजे पट्टीवर बसवलेला नखाएवढा तुकडा. संगणकाच्या कुलपाची किल्ली ती स्वतःजवळ ठेवते आणि आपल्या यंत्राखेरीज कोणाला देत नाही. अर्जदाराच्या माहितीप्रमाणे तिचे काम एवढेच. परंतु बातमी वाचून लोकांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. लष्कराला हवी असलेली वस्तू आपल्या घरात कशाला? ती घरोघरी आधीपासूनच आहे हे कळल्यावर तर न्हाव्याच्या खुर्चीपासून दवाखान्याच्या बाकापर्यंत एकच बोलणे सुरू झाले : “चिप म्हणजे लष्कराचा कान.”

२. लोक चिपा काढून घ्यायला दुकानात येऊ लागले. अर्जदाराने समजावले, तर “तू त्यांचाच माणूस दिसतोस,” असे ऐकावे लागले. शेवटी नाइलाजाने तो काढून देऊ लागला. काढलेली पट्टी घरी न्यायला मात्र कोणी तयार होईना, म्हणून त्या बिस्किटांच्या डब्यात पडत गेल्या. कोणती कोणाची याची चिठ्ठी लावली नाही, ही चूक अर्जदारास मान्य आहे.

३. अर्जदाराची थोरली बहीण शाळेत शिक्षिका होती. घशाच्या आजारामुळे तिचे स्वरयंत्र काढावे लागले. ऑपरेशनपूर्वी सहा आठवडे ती रोज दुपारी संगणकापुढे बसून स्वतःचा आवाज भरून ठेवत होती. त्यात नातीसाठी गोष्टी आहेत, पाढे आहेत, “अहो, ऐकलंत का” आहे, “दूध उतू जातंय” आहे, आणि अर्जदाराला रागवायची चार वाक्येही आहेत. आता ताई पाटीवर लिहून बोलते.

४. भाऊजी छापखान्यात मुद्रितशोधक होते. उभा जन्म दुसऱ्याची चूक शोधण्यात गेल्याने संशय त्यांच्या अंगवळणी पडला आहे. एका सकाळी ते ताईचे यंत्र घेऊन दुकानात आले. म्हणाले, “हिचा आवाज त्यांनी ऐकायचं कारणच काय? काढ ती चिप.” समोर गिऱ्हाइके उभी होती. अर्जदाराने काही न विचारता पट्टी काढली. घरी गेल्यावर यंत्र उघडेना. चिप नसताना कुलूप उघडण्यासाठी यंत्राबरोबर मिळालेला अठ्ठेचाळीस आकडी क्रमांक मागू लागले. भाऊजींचा फोन आला. तो क्रमांक लिहिलेला कागद कुठे आहे, असे अर्जदाराने विचारले. ते म्हणाले, “तो लष्करी नंबर ना? केव्हाच फाडून जाळला.” जो प्रश्न आधी विचारायचा, तो अर्जदाराने नंतर विचारला. त्या रात्री त्याला झोप लागली नाही. तरी पट्टी डब्यात होती. एकेक बसवून पाहिली, की यंत्राने आपली ओळखली असती. त्याने भाऊजींना सकाळी दहाला बोलावले.

५. सकाळी नऊला आपले पथक आले. दुकानात ‘लष्करी चिपा’ जमवल्या जात असल्याची खबर कोणीतरी दिली होती. जवानांची वागणूक सभ्य होती, याबद्दल तक्रार नाही. त्यांनी डब्यात उरलेली चार बिस्किटेही फोडून तपासली.

६. पहिल्या अर्जास उत्तर आले नाही. दुसऱ्यास आले : ‘यंत्राबाहेर राहिलेल्या चिपेवर विश्वास ठेवता येत नाही, सबब ती बाहेर देता येत नाही.’ तिसऱ्या अर्जानंतर अर्जदारास समक्ष बोलावले. ट्रेमध्ये एकतीस पट्ट्या मांडल्या होत्या. तेथील साहेब म्हणाले, “तुमची कोणती, उचला.” सगळ्या सारख्याच दिसत होत्या. अर्जदाराचा हात ट्रेवर तसाच राहिला. कागदावर शेरा पडला : ‘स्वतःची वस्तू ओळखता आली नाही.’ यंत्र ती ओळखेल, असे त्याने विनवले. त्यावर उत्तर मिळाले की, बाहेरचे यंत्र आत येऊ शकत नाही आणि आतली वस्तू बाहेर जाऊ शकत नाही.

७. त्या दिवशी अर्जदार आपल्या फाटकातून धडधाकट बाहेर आला, हेच लोकांना खटकले. शेजारच्या शिंप्याने दोन दुकानांमधल्या भिंतीतले, चहा देण्याघेण्याचे भोक बुजवले. आज लोकांच्या लेखी अर्जदार छावणीचा माणूस आहे आणि आपल्या लेखी तो परका आहे. तेही तो सोसेल. परंतु परवा पाच वर्षांच्या नातीने सर्वांदेखत विचारले, “आजी आधी कशी बोलायची?” ताईने खडू उचलला आणि काहीच न लिहिता खाली ठेवला.

८. तरी नम्र विनंती की, फाटकाच्या उंबऱ्यावर एक टेबल मांडू द्यावे. यंत्र बाहेरच्या बाजूला राहील, ट्रे आतल्या बाजूला. पट्ट्या आपल्या जवानानेच एकेक करून लावाव्यात. कशा लावायच्या ते अर्जदार हात मागे बांधून सांगेल. यंत्र उघडले, की आवाज एकदा लावून पाहून तेवढा उतरवून घेऊ द्यावा. नंतर यंत्र, चिप आणि हवा असल्यास अर्जदारही आपण ठेवून घ्यावा.

९. आवाज चारचौघांत ऐकू जाईल म्हणून भाऊजींचा या अर्जास विरोध आहे. परंतु आवाज ताईचा आहे. तिचे म्हणणे सोबत जोडले आहे.

विश्वास नसला तरी वेळ द्यावा, एवढीच अपेक्षा.

आपला नम्र,
(सही)
संगणक दुरुस्तीवाला, छावणी रस्ता
दि. १७ सप्टेंबर

सोबत :
१) पावतीची प्रत.
२) ऑपरेशनबाबत डॉक्टरांचे पत्र.
३) ताईचे स्वहस्ताक्षरातील संमतिपत्र, एक ओळ : ‘फाटकावरच्या सगळ्यांनी ऐकलं तरी चालेल, फक्त नातीला पुढे उभं राहू द्या.’