दिवसा लावलेलं दार

परळ,
रविवार, ७ डिसेंबर २०२५

प्रिय दीपिका,

जय भीम. एरवी मोठेपणाच्या हक्काने याखाली ‘अनेक आशीर्वाद’ लिहिलं असतं. आज तो हक्क उरलाय की नाही याची खात्री नाही, म्हणून तेवढी जागा सोडतो.

इकडे सगळे बरे. तुझ्या आईचा खोकला उतरलाय. काल सहा डिसेंबर. दरवर्षी चैत्यभूमीला येणारे तुमचे गावाकडचे पाहुणे आमच्या खोलीत झोपतात आणि तुझी सुचित्राकाकू पहाटे त्यांच्यासाठी पोह्यांचं पातेलं चढवते. यंदा कोंडीरामभाऊंनी कुणालाच पाठवलं नाही. सगळे तुमच्याच खोलीत दाटीवाटीने झोपले. तुझा फोन नेल्यापासून तुझे वडील चाळीत कुणाकडेच काही सोपवत नाहीत. आणलेले पोहे डब्यातच आहेत.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण तुझा फोन पोलिसांकडे, तू चेंबूरला मावशीकडे, आणि मावशीच्या फोनवर तू येत नाहीस. शिवाय महत्त्वाचं बोलणं कुठून कुठून जातं ते आधी बघावं, हे तूच शिकवलंस. म्हणून टपाल. माझं अक्षर कुणाला लागत नाही, हे एक संरक्षण आहेच.

गॅलरीच्या खांबावरचा कॅमेरा अजून तसाच आहे. पोलिसांनी सुचवलं म्हणून मंडळाने बसवला, गणपतीपुरता म्हणाले. गणपती गेले, हा राहिला. नजर थेट तुमच्या चौकटीतून आत, पार ओट्यापर्यंत. चित्र कुठे जातं, कोण बघतं, असं तू विचारलंस तेव्हा मंडळाच्या स्वप्नीलने उत्तरादाखल काच पुसून घेतली. मग तू दार लावायला लागलीस.

आपल्या चाळीत दिवसा लावलेलं दार म्हणजे आजारपण, भांडण नाहीतर नवं लग्न. चौथं कारण आम्हाला ठाऊकच नव्हतं. त्या दाराआड दर रविवारी तू बायकांना फोन शिकवायचीस: कुठल्या ॲपला काय बघू द्यायचं नाही, निरोप आपोआप पुसले जायला काय करायचं. आणि एके दिवशी साध्या वेशातले दोघे आले. “दार लावून निरोप पुसायला शिकवता ना?” म्हणाले आणि चौकशीसाठी म्हणून फोन घेऊन गेले. आतली गोष्ट बाहेर गेली कशी? वर्गाला येणाऱ्या अपेक्षाचे मामा पोलिसात. गॅलरीत सगळ्यांदेखत तू तिला म्हणालीस, “तूच.” ती वळून आपल्या खोलीत गेली. बालवाडीपासूनची तुमची मैत्री तिथे संपली.

दीपू, ती अपेक्षा नव्हती.

एवढं लिहून मी चहा करून आलो. चहाची गरज नव्हती.

सुचित्रा त्या रविवारी वर्गातून आली ती खुशीत. जेवताना म्हणाली, माझे निरोप आता आपले आपण पुसले जातात. कुठल्याही नवऱ्याला हे ऐकून जे वाटेल तेच मला वाटलं. जेवून नाक्यावर गेलो. टपरीवर पोलीस ठाण्याचा तो गोपनीयवाला बसला होता, चाळीचाळीतून बातम्या गोळा करत फिरतो तो. म्हणाला, साहेब, पेपर हातात आला की आधी तुमचं सदर. ‘सरकार आपलं ऐकत नाही असं कोण म्हणतं? सगळे फोन ऐकतं’ हे माझं वाक्य त्याला तोंडपाठ. असा वाचक समोर बसला की माझी जीभ जागेवर राहत नाही. मी सांगितलं, आमच्या चाळीत दिवसा दार दोनच जण लावतात, नवं जोडपं आणि निरोप पुसायचा वर्ग. तो इतका हसला की चहा सांडला.

इथे थांबून ‘जीभ घसरली’ म्हणता आलं असतं. मीही बरेच दिवस स्वतःला तेच सांगत होतो. पण हसू ओसरल्यावर त्याने सहज विचारलं, “कुठली खोली?”

आणि मी सांगितली. दुसरा मजला, जिन्याजवळची.

तो विनोद नव्हता. विचारणारा कोण आहे ते मला माहीत होतं. माणसांवर नजर ठेवायला कोट्यवधींची यंत्रं लागतात असं मी इतकी वर्षं लिहीत आलो. एक कटिंग आणि थोडी स्तुती पुरते. तू “तूच” म्हणालीस तेव्हा मी माझ्या उघड्या दारात उभा होतो, आणि मला हायसं वाटलं होतं. लिहायचं टाळत होतो ते हे.

आज सकाळी अपेक्षाकडे गेलो. ती दोरीवर कपडे घालत होती. सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मला माहीत होतं, काका.” सुचित्राने माझ्याकडून काढून घेतलं होतं आणि रडत जाऊन तिला सांगितलं होतं, शिवाय कुणाला बोलू नको म्हणाली होती. मी विचारलं, अगं, मग निदान दीपूला तरी?

“काकूंची गोष्ट होती ती,” म्हणाली. “दुसऱ्याची गोष्ट आपण पुढे पाठवायची नाही. दीपूनेच शिकवलंय ना.” आणि चिमटे लावत राहिली.

तुझा वर्ग जिला सगळ्यात नीट समजला तिलाच तू दूर केलंस, आणि मी ते होऊ दिलं.

हे पत्र पेटीत टाकून तुमच्याकडे जाणार, कोंडीरामभाऊंना आणि राधावहिनींना सांगायला. उद्या तुझ्या वकीलबाईंना सगळं लिहून, सही करून देणार. त्याने फोन परत मिळेलच असं नाही. सुचित्राने बजावलंय, यावर लेख लिहायचा नाही. नाही लिहिणार.

लिहिताना दार लावून घेतलंय, जन्मात पहिल्यांदा दिवसा. आत्ताच शेजारच्या मनूने थाप मारली. “लवू, बरो आसस मां रे? दार कित्याक लावलंस?”

मी म्हटलं, पत्र लिहितोय.

“कोणाक?”

मी सांगितलं नाही. मग तो गेला.

अपेक्षाला फोन कर. मला नाही केलास तरी चालेल.

दाराच्या आतून,
लवूकाका